बेस गिटारची केबल आणि सुरतेची जरी

जरीकाठाची साडी घ्यायला गेलेली बाई दुकानदाराने पसरलेल्या पदराची वरची बाजू क्षणभरच बघते. मग ती काठ उलटा करते, बोटांनी चाचपते आणि त्यानंतरच भावाला हात घालते. सुरतेत वाढलेल्या आपल्या सगळ्यांना हे दृश्य ओळखीचं आहे. येवल्याच्या पैठणीलाही जरी जाते ती आपल्या गावातून, त्यामुळे जरीतलं खरं-खोटं ओळखायची थोडीफार विद्या आपल्याकडे घराघरांत असतेच. चांदीची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करायची, चपटी करून तिचा बादला बनवायचा, तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायचा आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा, ही झाली अस्सल जरी. चांदीच्या जागी तांब्याची तार आली की इमिटेशन. आणि धातूचा थर दिलेल्या प्लास्टिकच्या पट्टीची केली की ती प्लास्टिक जरी. चार हातांवरून तिन्ही सारख्याच झळकतात.

आता हेच डोळे गिटारच्या केबलकडे वळवा. मध्ये तांब्याची तार, तिच्यावर प्लास्टिकचं वेष्टन, त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारांचं कवच, सगळ्यात वर रबरासारखं काळं आवरण आणि दोन्ही टोकांना चकचकीत, कधी कधी सोनेरी पिन. म्हणजे रचना साधारण जरीसारखीच, फक्त इथे महत्त्वाचा माल आत आणि साधा बाहेर. फसगतही तशीच होते, कारण दुकानात आपल्याला दिसतं ते फक्त बाहेरचं.

हा विषय निवडायचं कारण सांगतो. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, कुठेही गणपतीत फिरलात तर आता फक्त डीजे आणि ढोल-ताशा दिसत नाही. सोसायटीच्या मांडवात कॉलेजातली पोरंपोरी स्वतः बँड करून वाजवतात. गिटार, कीबोर्ड, कॅहोन आणि गेल्या काही वर्षांत बेस गिटारही. खान्देशातून आलेल्या आपल्या लोकांना बँडचं वेड नवीन नाही; धुळे-नंदुरबारकडची लग्नं बँडच्या गाडीशिवाय लागतच नाहीत. तिथे खालचा सूर बहुतेक वेळा कीबोर्डवाला डाव्या हाताने सांभाळतो. हातात चार तारांचं वाद्य घेऊन उभा राहणारा वेगळा माणूस ही आपल्याकडे त्यामानाने नवी गोष्ट. हिंदी चित्रपटसंगीतात मात्र ती जुनी आहे. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस गिटार वाजवायचे आणि त्या काळातल्या कितीतरी गाण्यांची चाल आपण गुणगुणतो तेव्हा नकळत त्यांचा बेसही गुणगुणत असतो.

तर घरात बेस येतो. आईवडिलांनी दहा-पंधरा हजार घातलेले असतात, एक छोटा अॅम्प येतो आणि केबलपाशी येईपर्यंत बजेट संपतं. मग दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर बेसबरोबर फुकट मिळालेली बारीक वायर वापरली जाते, जी दोन महिन्यांत कर्र-कर्र करायला लागते. नाहीतर इंटरनेटवर तास न् तास वाचून मुलगा जाहीर करतो की साडेतीन हजारांची केबल घेतल्याशिवाय 'खरा टोन' येणारच नाही. माझ्या भाच्याने हेच जाहीर केलं होतं. "मामा, ऑक्सिजन-फ्री कॉपर आहे, गोल्ड प्लेटेड आहे!" त्याच्या आईने माझ्याकडे बघितलं, कारण घरात बीई झालेला माणूस मी. माझं काम सॉफ्टवेअरचं. पण पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल सगळ्यांनाच असतं आणि या प्रश्नाला तेवढं पुरतं.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: बेससाठी केबलचा 'आवाज' विकत घेऊ नका, सांधा विकत घ्या. म्हणजे पिन, पिनमधलं डाग लावलेलं सोल्डर आणि केबलला घट्ट धरणारी पकड. केबल मरते ती तिथे, आणि मरते ती नेमकी आरती संपून पहिलं गाणं सुरू होताना.

आधी आवाजाचा हिशेब. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, मोकळी वाजवली की सेकंदाला ४१ कंपनं होतात. पाच तारांच्या बेसची बी तार घेतली तर ३१. दुसऱ्या टोकाला, सगळ्यात बारीक जी तारेवर विसाव्या पडद्यावर बोट ठेवलं तर मूळ स्वर ३११ हर्ट्झच्या आसपास जातो. बेसचे मूळ स्वर एवढ्या पट्ट्यात मावतात. त्याच्या वर असतात ते उपस्वर, बोटांचा टक-टक, अंगठ्याने मारलेल्या स्लॅपची चटक.

केबल आवाजात जो काही बदल करते तो मुख्यतः कपॅसिटन्समुळे. मधली तार आणि भोवतीचं कवच मिळून एक लांबलचक कपॅसिटर तयार होतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची गुंडाळी, म्हणजे इंडक्टर. इंडक्टर आणि कपॅसिटर एकत्र आले की एका ठरावीक कंपनसंख्येच्या वरचा आवाज गळायला लागतो. कॅनारे या जपानी कंपनीची जीएस-६ नावाची केबल जगभरचे वादक वापरतात. तिचं कपॅसिटन्स मीटरला १६० पिकोफॅरड आहे. मोगामी, तीही जपानी, तिच्या २५२४ या केबलचं १३०. उदाहरणादाखल पिकअपचं इंडक्टन्स ६ हेन्री धरू. जीएस-६ तीन मीटर घेतली तर गळती साधारण ३००० हर्ट्झच्या वर सुरू होते. सहा मीटर घेतली तर २१००च्या वर आणि दहा मीटर घेतली तर १६००च्या वर. आता वरचा ३११चा आकडा आठवा. आपल्या मूळ स्वरांना, त्या पोटात जाणवणाऱ्या धडधडीला, दहा मीटरची केबलसुद्धा धक्का लावत नाही. फरक पडतो तो चटक आणि टक-टकमध्ये. लीड गिटारवाल्याने याची काळजी करावी, स्लॅप वाजवणाऱ्या बेसिस्टने थोडी करावी. गोल, गुबगुबीत आवाजाचा बेस हवा असलेल्याने अजिबात करू नये. तो तर स्वतःच टोनचं बटण खाली करून वरचा आवाज कापत असतो.

आणि बेस अॅक्टिव्ह असेल, म्हणजे त्याच्या पाठीत ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर हा सगळा हिशेबच बाद. आतलं छोटं सर्किट सिग्नल इतका दमदार करून बाहेर सोडतं की घरगुती लांबीच्या केबलचं कपॅसिटन्स त्याच्या खिजगणतीतही नसतं.

ऑक्सिजन-फ्री तांब्याचंही सांगून टाकतो. सहा मीटर केबलचा रोध एखाद-दुसरा ओहम. पिकअपचा स्वतःचा काही हजार ओहम आणि अॅम्पच्या तोंडाशी साधारण दहा लाख ओहम. दहा लाखांच्या व्यवहारात एक रुपया इकडेतिकडे झाला तर हिशेबनीस उठूनही बघणार नाही. सोनेरी पिनेचं मात्र थोडं वेगळं आहे. सोनं गंजत नाही, हे खरं. आपल्याकडे समुद्राची दमट हवा आणि पावसाळा, त्यामुळे गंजाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण पिनेवरचा सोन्याचा थर इतका पातळ असतो की रोज आत-बाहेर करून तो काही महिन्यांत घासला जातो, आणि बेसचं सॉकेट निकेलचं असेल तर एका बाजूच्या सोन्याने साधतं काय? चांगली निकेलची पिन घ्या आणि महिन्यातून एकदा कोरड्या सुती फडक्याने पुसा. सुरतेत फडक्याला काय तोटा.

मग पैसे कशाला द्यायचे? पहिलं, कवचाला. आपल्या घरांतल्या विजेची कंपनसंख्या ५० हर्ट्झ. ई तारेवर तिसऱ्या पडद्याचा 'जी' स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे ट्यूबलाइट, पंखा, मांडवातल्या माळा यांची गुणगुण थेट बेसच्या घरात शिरते. गिटारवाल्याला ती वेगळी ऐकू येते, बेसवाल्याला वाटतं आपणच वाजतोय. ती बाहेर ठेवणं हे कवचाचं काम. कवच दोन तऱ्हांचं मिळतं: एकात तारा नुसत्या एका दिशेने गुंडाळलेल्या असतात, दुसऱ्यात त्या एकमेकींत विणलेल्या असतात. विणलेलं कवच वाकवलं तरी फटी पडत नाहीत. गुंडाळलेलं कवच लवचीक असतं, चांगल्या कंपन्याही ते वापरतात, पण स्वस्त मालात तारा इतक्या विरळ असतात की केबल दोनदा पिळली की फटी पडतात. लूमच्या गावात वीण दाट आणि विरळ यातला फरक मी काय सांगावा! पिन उघडता येत असेल तर उघडून बघा: आतल्या तारांचा झुपका भरगच्च दिसतो की चार केस, हे लगेच कळतं.

कवचाच्या आत आणखी एक थर असतो, ज्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. कार्बन मिसळलेल्या काळ्या प्लास्टिकचा. केबल पायाखाली आली, जमिनीवर आपटली की घर्षणाने सूक्ष्म वीज तयार होते आणि स्पीकरमधून धप् असा आवाज येतो. हा काळा थर ती वीज शोषून घेतो. तो आहे की नाही हे कळायला केबल अॅम्पला लावा आणि फरशीवर हलकेच आपटा. ढोलासारखी वाजली तर परत द्या.

पैसे द्यायची दुसरी आणि खरी जागा म्हणजे पिन. त्या पिनेचं वय ऐकलंत तर गंमत वाटेल. ही पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची पिन एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्माला आली. जुन्या चित्रपटांत 'नंबर प्लीज' म्हणणारी ऑपरेटर जी दोरी भोकात खुपसते, तीच ही. मुंबईला टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ मध्ये. फेंडरने पहिला प्रिसिजन बेस बाजारात आणला १९५१ मध्ये. इतक्या वर्षांनंतरही आपण तीच पिन वापरतो, कारण ती सोपी, दणकट आणि डोळे मिटून लावता येणारी आहे.

पण एक्स्चेंजमधली ऑपरेटर खुर्चीवर बसून काम करायची. आपला बेसिस्ट उड्या मारतो. प्रत्येक उडीला केबल पिनेच्या मुळाशी वाकते आणि तिथला सांधा सैल होत जातो. म्हणून तिथे केबलला चिमट्यासारखी धरणारी पकड हवी. लिख्टेनश्टाइनसारख्या चिमुकल्या देशातली न्यूट्रिक कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे. तिची एनपी२एक्स ही पिन उघडली की आत पाकळ्यांची एक टोपी दिसते, मागचं झाकण फिरवून आवळलं की ती केबलला चहूबाजूंनी पकडते. सगळा ताण या पकडीवर येतो, सोल्डरवर येत नाही. याच कंपनीचा रीन हा स्वस्त ब्रँड आहे, घरच्या वापराला तो पुरेसा. नकली न्यूट्रिकही बाजारात भरपूर आहेत. अक्षरं पुसट, फिरवताना आटे खरखरीत आणि भाव अविश्वसनीय वाटला तर समजून जा.

ज्या केबलची पिन आणि आवरण एकत्र साच्यात ओतलेलं असतं, ती मोल्डेड केबल. ती उघडत नाही. आतलं सोल्डर कसं आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही आणि तुटली की कचऱ्यात. दुकानदार म्हणेल, "भाई, आमां कंप्लेन नथी आवती." येणार कशी? दोन-तीनशेच्या वस्तूसाठी रिंगरोडचा ट्रॅफिक ओलांडून तक्रार करायला कोण जातं? माझ्या मते बेस शिकणाऱ्याने मोल्डेड केबल घेऊच नये, अगदी भाव तिप्पट पडला तरी. उघडणाऱ्या पिनेची केबल दर वेळी दुरुस्त होते. जवळजवळ नेहमी ती पिनेपासूनच्या चार बोटांत तुटते. तेवढा तुकडा कापायचा, पुन्हा डाग लावायचा, पाच मिनिटांत काम झालं. सुरतेत डाग लावणारा हात शोधावा लागत नाही. रेडिओ-टीव्हीवाले कमी झाले असतील, पण एम्ब्रॉयडरी मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचा हात घड्याळजीइतका स्थिर असतो.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो तो मोनो-स्टिरिओचा. पिनेकडे नीट बघा. टोकाजवळ एकच काळी रेघ असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. बेसला मोनो लागते. "स्टिरिओ घ्या, जास्त चांगली" असं कुणी म्हटलं तर हसून नको म्हणा. अॅक्टिव्ह बेसमध्ये तर मोनो पिनच बॅटरीचा स्विच असते: पिन आत गेली की सॉकेटमधले दोन पत्रे तिच्या धातूच्या अंगाने जोडले जातात आणि सर्किट सुरू होतं. स्टिरिओ पिनेने ते जोडलं जाईलच असं नाही. मग बेस मुका राहतो आणि घरात सगळे समजतात की वाद्य बिघडलं. याचीच दुसरी बाजू म्हणजे रियाज संपल्यावर पिन बेसमध्येच राहू दिली तर बॅटरी रात्रभर जळत राहते. केबल बेसच्या टोकाने काढायची सवय लावा.

तिसरा घोटाळा धोक्याचा आहे. स्पीकरची केबल आणि वाद्याची केबल बाहेरून जुळ्या बहिणी दिसतात, पिना त्याच. स्पीकरच्या केबलमध्ये दोन जाड तारा असतात, कवच नसतं. ती बेसला लावली तर गुणगुण येते, एवढंच. पण वाद्याची बारीक केबल अॅम्पच्या हेडपासून स्पीकरच्या पेटीपर्यंत लावली तर तिच्यातून जाणारा प्रवाह तिला झेपत नाही. ती तापते, आणि वेळ वाईट असेल तर अॅम्पही घेऊन जाते. मंडळाच्या पेटाऱ्यात दोन्ही एकत्र गुंडाळलेल्या असतात. रंगीत टेप लावून वेगळ्या करा, लाल टेप स्पीकरची.

लांबीबद्दल माझं मत ठाम आहे. घरी तीन मीटर, मांडवात सहा मीटर, बस. "मिक्सर तर मांडवाच्या मागे आहे, वीस मीटर लागेल" असं साउंडवाला म्हणतो तेव्हा उत्तर लांब केबल नसून डीआय बॉक्स असतं. ही ओंजळीत मावणारी डबी. बेसची छोटी केबल तिच्यात जाते आणि पलीकडून तीन पिनांची, माइकला असते तशी एक्सएलआर केबल निघते. त्या केबलमध्ये दोन तारांवर एकच सिग्नल उलट-सुलट जातो. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच बसते आणि मिक्सरपाशी वजाबाकीत निघून जाते. तिथून पुढे तीस मीटर न्या, काही बिघडत नाही. बऱ्याच बेस अॅम्पच्या पाठीमागे डीआय आउट असतोच, तेव्हा वेगळी डबीही लागत नाही. साडेतीन हजारांच्या केबलचा हट्ट धरणाऱ्या पोराला सांगा: त्यातल्या निम्म्याहून कमी पैशांत एक बरी केबल आणि उरलेल्यात साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स येतो. नवरात्रीत ऑर्केस्ट्राबरोबर नऊ रात्री वाजवणाऱ्या वादकांच्या पिशवीत डोकावलात तर बहुधा हीच जोडी दिसेल.

वायरलेसबद्दल विचारतात म्हणून सांगतो: स्वस्त वायरलेस संच घरात छान चालतात. मांडवात पाचशे मोबाइल आणि शेजारच्या सोसायटीचे वायरलेस माइक असताना त्यांची खात्री मी देणार नाही.

आता जे लिहायचं आहे ते केबलच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे. गणपती येतात पावसात. मांडवाची वीज कुठून तरी ओढलेली, कधी जनरेटर, जमीन ओली, पायात चप्पल नाही कारण समोर देव. बेसच्या तारा पुलाखालच्या एका तारेने केबलच्या कवचाला जोडलेल्या असतात आणि कवच अॅम्पच्या अर्थिंगला. म्हणजे वादक सतत अर्थिंगला हात लावून उभा असतो. अर्थिंग नीट असेल तर हे उत्तमच. तारांना हात लावताच गुणगुण कमी होते ती यामुळे. पण अॅम्पच्या तीन पिनी प्लगची मोठी पिन कुणी काढून टाकलेली असेल, किंवा मांडवाच्या बोर्डाला अर्थिंगच नसेल, आणि अॅम्पमध्ये काही बिघाड झाला, तर तीच केबल वीज थेट बोटांपर्यंत आणते. माइकला ओठ लागताच झिणझिणी आली तर ते केबलचं भूत नाही. वाजवणं तिथेच थांबवायचं, आधी मुख्य स्विच बंद करायला लावायचा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. गुणगुण जावी म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणारे 'जाणकार' प्रत्येक मंडळात असतात. त्यांना बोर्डापासून लांब ठेवा, वयाने मोठे असले तरी. मांडवाच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी बसवायचा आग्रह कार्यकारिणीत जरूर धरा. वर्गणीच्या हिशेबात तो एका दिवसाच्या फुलांपेक्षा जड नाही.

खरेदी कुठे करायची? सुरतेत वाद्यांची दुकानं आहेत, पण केबलची निवड मर्यादित असते. सुटी केबल आणि पिना हव्या असतील तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. सकाळची फ्लाइंग राणी मुंबई सेंट्रलला सोडते आणि तिथून हा रस्ता चालत आहे. वाद्यंच बघायची असतील तर थोडं पुढे धोबी तलावला फुर्तादो आहे, १८६५ पासूनचं दुकान. तिथे बेस हातात घेऊन बघता येतो. संध्याकाळच्या राणीने घरी. ऑनलाइन घेणार असाल तर पिन उघडते की नाही, मीटरला किती पिकोफॅरड आणि परत घेण्याची मुदत किती, एवढं बघा. पिकोफॅरडचा आकडा दिलेलाच नसेल आणि 'स्टुडिओ क्वालिटी क्रिस्टल साउंड' असं चार ओळीत लिहिलेलं असेल, तर ती प्लास्टिक जरी समजा.

माझा सल्ला विचाराल तर मंडळाने एकत्र केबल बनवाव्यात. ३० मीटर सुटी केबल आणि १२ पिना आणल्या की पाच-पाच मीटरच्या सहा केबल होतात आणि एकेक केबल तयार मालापेक्षा बरीच स्वस्त पडते. एका रविवारच्या दुपारचं काम. पिनेचं मागचं झाकण आधी केबलमध्ये ओवून ठेवायचं. मग वरचं आवरण सोलायचं, कवचाच्या तारा बाजूला करून पिळायच्या. आत तो काळा कार्बनचा थर दिसेल. तो मधल्या तारेच्या सोललेल्या टोकापासून चांगला अर्धा सेंटिमीटर मागे कापायचा, आणि ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. तो थर वीज वाहून नेतो, त्यामुळे मधल्या तारेला टेकला तर आवाज क्षीण आणि मळकट येतो आणि कारण काही केल्या सापडत नाही. मधली तार पिनेच्या टोकाच्या कडीला, कवच बाजूच्या पत्र्याला. इस्त्री आधी पत्र्यावर टेकवून तो तापवायचा, मग सोल्डर लावायचं; थंड पत्र्यावर वितळलेला थेंब नुसता बसतो, धरत नाही. डाग चमकदार आणि पसरलेला दिसला पाहिजे, मण्यासारखा गोल नको.

झाल्यावर मल्टिमीटर. टोक ते टोक बीप, अंग ते अंग बीप, टोक ते अंग शांतता. बीप चालू असताना केबल पिनेच्या मुळाशी चारी बाजूंना हलवायची. बीप तुटली तर पुन्हा उघडायची. दुकानातून आणलेल्या केबलचीही हीच परीक्षा घ्या, दुकानातच. दुकानदार "भरोसो नथी?" म्हणेल. म्हणू दे. जरीचा काठ उलटा करताना आपल्या आया कधी संकोचल्या नाहीत.

आमच्या सोसायटीत या पद्धतीने बनवलेल्या केबलपैकी एक भाच्याकडे आहे. गुंडाळायची कशी यावरून आमचा वाद चालू असतो. तो कोपर आणि पंजा यांच्याभोवती दोरीसारखे फेरे घेतो. त्याने केबलला पीळ बसतो आणि कवच आतल्या आत फाटतं. सैल गोल वेढे घ्यायचे, एक वेढा सुलटा, पुढचा मनगट वळवून उलटा, म्हणजे सोडताना गाठ पडत नाही. वाजवताना केबल बेसच्या पट्ट्यामागून ओवून मग सॉकेटमध्ये घालायची. कुणाचा पाय पडला तर ओढ पट्ट्यावर येते, सॉकेट उखडत नाही. पावसात भिजली तर पुसून पंख्याखाली टांगायची, ओली डब्यात भरायची नाही. आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी चिकटवून वर पारदर्शक टेप लावायची, कारण विसर्जनाच्या रात्री सामान टेम्पोत भरताना सगळ्या काळ्या केबल सारख्याच दिसतात आणि चांगली नेमकी साउंडवाल्याच्या पेटीत जाते.